जावईबापूंनी साफ केलेला कॉम्प्युटर

जावईबापूंना सगळं कळतं, हे त्यांच्या लग्नातच ठरून गेलं होतं, आणि लग्नात ठरलेल्या बाकीच्या गोष्टींसारखंच ते पुन्हा कुणी तपासून पाहिलं नव्हतं. पंखा कुरकुरला की जावईबापू, नळ गळला की जावईबापू, सासऱ्यांच्या गुडघ्यात कळ आली तरी जावईबापू. ते येत, मान तिरकी करून बघत आणि नाकातून एक लांब 'हं' सोडत. पंखा पुढंही कुरकुरतच राही, पण आता तो जावईबापूंनी बघितलेला पंखा असे, आणि त्याच्या कुरकुरीलाही घरात मान मिळे.

ह्या 'हं'ला न भुलणारं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते बोलत नसे. ती घरची सून. नणंद तिला वहिनी म्हणे, जावईबापू वहिनी म्हणत, दारावर येणारी गिऱ्हाइकंही ऐकून ऐकून वहिनीच म्हणू लागली होती, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

वहिनी कपडे बेतायचे साचे काढायची. तेही सरळसोट अंगांचे नव्हेत. सरळ अंगांना दुकानं भरून कपडे मिळतात. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा हात कोपराशीच थांबलेला, कुणी चाकाच्या खुर्चीतून कधीच न उठणारं. बसलेल्या माणसाचा सदरा उभ्या माणसाच्या मापानं शिवला की पोटाशी चुरगळतो आणि पाठीला उघडा पडतो, एवढी साधी गोष्ट बड्या बड्या शिंप्यांच्या टेपमध्ये मावत नव्हती. वहिनीच्या मावे. ती माप घेताना हलकेच घेई, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरची चादर सारखी करतेय. मग ते माप कॉम्प्युटरवर चढे, त्याच्या रेघा होत, रेघांचा साचा होई, आणि प्रिंटरमधून निघालेले कागद एकमेकांना चिकटवले की टेबलावर एक माणूस पसरून पडल्यासारखं दिसे. वाकडं असेल तर वाकडं, पण पुरतं.

पलंगाशेजारी कापायचं लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला, इस्त्रीपासून वाचवून ठेवलेला, हा कॉम्प्युटर. इतक्या वर्षांची सगळी अंगं त्याच्या पोटात होती.

आणि आज संध्याकाळी पुनर्वसन केंद्राच्या मोठ्या बाई ते साचे बघायला येणार होत्या. पसंत पडले तर केंद्रातल्या सगळ्यांचे कपडे वहिनीच्या साच्यांवर बेतले जाणार, तेही तिच्या स्वतःच्या नावानं. आजवर ती जे काढी ते सासऱ्यांच्या दुकानाच्या पाटीखाली खपे. बाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "मला गोड बोलणं नको. साचे टेबलावर मांडून ठेवा."

आता जावईबापूंकडे येऊ. मागच्या भेटीत त्यांनी कॉम्प्युटरवर एक पाखरू बसवून दिलं होतं. निळं, डोक्यावर टोपी घातलेलं. ते पडद्याच्या कोपऱ्यात बसून आज ऊन आहे की ढग आहेत ते सांगे. टेबलासमोरच भली मोठी खिडकी होती आणि खिडकीबाहेर हवामान फुकट होतं. पण जावईबापूंची भेट, तिला नाही कोण म्हणणार? त्याच बैठकीत त्यांनी साच्यांच्या जपून ठेवलेल्या नकलाही उडवल्या होत्या. "एकच गोष्ट दोनदा कशाला ठेवता, वहिनी? जागा खाते." नकला पुन्हा काढायच्या राहून गेल्या, ही मात्र वहिनीची चूक, आणि ती तिला चांगली ठाऊक होती.

पाखरामागून पाहुणे आले. साचा उघडावा तर मध्येच घड्याळांची जाहिरात, बाहीची रेघ ओढावी तर लॉटरी, काखेचा गोल वळवावा तर टकलावर केस उगवायचं तेल. कॉम्प्युटर रांगायला लागला. नवरा कापडाच्या खरेदीला परगावी गेला होता. जाता जाता बहिणीला फोनवर हे बोलून गेला, आणि सकाळी चहाच्या वेळेला जावईबापू दारात हजर. मागं बायको, तिच्या खांद्याला पर्स, चेहऱ्यावर काहीच नाही.

"स्पायवेअर," जावईबापूंनी पडद्याकडे न बघताच सांगितलं. "हेर असतात हेर. तुम्ही इथं काय काय करता ते बाहेर कळवतात."

"पण ते आले कुठून?" वहिनीनं विचारलं.

"येतात. इंटरनेटवरून येतात. घरातली मंडळी दिसेल ते उघडतात ना."

पडद्याच्या कोपऱ्यात टोपीवालं पाखरू म्हणालं, आज आकाश निरभ्र आहे.

मग जावईबापूंनी हेर मारायला घेतले. त्यांनी आणलेला प्रोग्रॅम एकेक नाव वर काढी आणि ते मोठ्यानं वाचत. नावं अशी, की मांजर कळफलकावरून चालत गेलं असावं. प्रत्येक नावाला ते "गेला" म्हणत आणि सासरे दारातून "वा" म्हणत. पाखरूही गेलं. पाखरू जाताना जावईबापू क्षणभर थबकले, पण त्यांना काही आठवलं नाही. न आठवण्याची कला त्यांच्यापाशी फार वरच्या दर्जाची होती.

"आता बंद करून चालू करायचा. बघा कसा हरणासारखा पळतो."

बंद केला, चालू केला. वहिनीचं नाव पडद्यावर आलं. तिनं पासवर्ड टाकला. 'स्वागत' अशी अक्षरं उमटली, मागचं चित्र झळकलं, आणि लगेच 'बाहेर पडत आहे' असं म्हणून कॉम्प्युटरनं तिला पुन्हा दारात आणून उभं केलं. पुन्हा टाकला. या या, बसा बसा. आणि बसायच्या आत, बरं या आता. किती वेळा टाकावा, तितक्या वेळा तेच. घरचा माणूस दारात उभा आणि घर त्याला ओळखीचं हसून परत धाडतंय, असा तो प्रकार.

"हं," जावईबापू म्हणाले.

वहिनीनं घड्याळाकडे पाहिलं.

त्यानंतर जे झालं त्याला उपाय म्हणायचं तर म्हणा. त्यांनी वायरी काढून पुन्हा लावल्या. माउस उलटा करून फुंकला. पासवर्ड हळू टाकून पाहिला, जोरात टाकून पाहिला. "गरम झालाय," म्हणून पंखा त्याच्याकडे वळवला, तर टेबलावर छापायला काढून ठेवलेले कोरे कागद खोलीभर उडाले आणि सासरे गुडघा धरत ते गोळा करू लागले. "विजेचा दाब कमी आहे," झालं. "मशीनचं वय झालंय," झालं. शेवटी मागं टेकून, पोटावर हात बांधून, त्यांनी निकाल दिला.

"मुळापर्यंत गेलेत हेर. फॉरमॅट करावा लागेल."

"म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे सगळं पुसून कोरा करायचा. नव्यासारखा."

"भाऊजी, माझे साचे आहेत त्यात," वहिनी म्हणाली. "सगळे. संध्याकाळी बाई यायच्यात."

"साचे काय, पुन्हा काढाल. हात आहेत ना तुमचे? उलट ह्या वेळी जास्त चांगले येतील."

वहिनीनं कॉम्प्युटरवर हात ठेवला. त्या अंगांतली दोन-तीन अंगं आता जगात नव्हती. बाकीची कुठं कुठं पांगलेली. वाकलेल्या पाठीचा उतार पुन्हा कुणाच्या पाठीवरून घ्यायचा, हे ह्या माणसाला सांगायचं तर आधी पाठ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती.

"मी दुरुस्तीच्या दुकानात फोन करते," ती म्हणाली.

"सूनबाई," सासरे कागदांचा गठ्ठा छातीशी धरून म्हणाले, "घरात जावई बसलेला असताना बाहेरचा माणूस बोलवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा नाहीये कॉम्प्युटर, मामंजी."

"तरी पण. त्यांचा सुट्टीचा दिवस घालवून आलेत ते."

जावईबापूंनी मोठ्या मनानं हात हलवला, जणू सुट्टीचे दिवस त्यांच्याकडे पोत्यानं पडले होते. "आधी जेवून घेऊ. जरा पडतो मी. उठलो की करतो फॉरमॅट. भरल्या पोटी हात स्थिर राहतो."

जेवताना ते संगणकाचं भवितव्य ह्या विषयावर बोलले. सासरे मान हलवत होते. वहिनी वाढत होती आणि मनातल्या मनात त्यांच्या मानेचं माप घेत होती. कॉलरला फार कापड लागणार नाही, वळायची सवयच नाही ह्या मानेला. मग जावईबापू बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवे झाले आणि मुळाशी बसलेल्या हेरांनाही ऐकू जावं असं घोरू लागले. सासरे शेजारच्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन निजले.

वहिनी आतल्या खोलीत येऊन कॉम्प्युटरसमोर बसली. विचार एकच: हे यंत्र उचलून मागच्या दारानं घेऊन जावं का. जड होतं, पण तिनं शिलाई मशीनं उचलली होती.

दार हलकेच लोटलं गेलं. नणंद आत आली आणि तिनं मागं कडी लावली.

"वन्सं, तुम्ही पडला नाहीत?"

"सरक," नणंद म्हणाली. खांद्यावरची पर्स उघडून तिनं रुमाल काढला, आणि रुमालाच्या घडीतून एक सीडी. कडा घासलेली, बऱ्याच वेळा आत-बाहेर झालेली.

वहिनी बघतच राहिली. "ही कसली?"

"विंडोजची. ह्यांनी कुठं काही साफ केलं की लागते."

"तुम्ही पर्समध्ये घेऊन फिरता?"

"तू किल्ल्या घेऊन फिरतेस ना?"

तिनं सीडी घातली आणि बटण दाबलं. निळा पडदा आला, मग काळा, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं. नणंदेची बोटं कळफलकावर अशी पडत होती, जशी पाठ असलेल्या गाण्याची ओळ ओठांवर येते. वहिनीनं आजवर हिला नवऱ्याच्या मागं उभं राहून 'ह्यांना विचारा' एवढंच म्हणताना ऐकलं होतं. नवऱ्याइतकीच रिकामी, फक्त आवाज कमी, असा तिनं मनात हिचा हिशोब कधीच मिटवून टाकला होता.

"झालंय काय त्याला?" तिनं विचारलं.

"आत येणाऱ्याला घरात घ्यायला एक रखवालदार असतो. तू नाव सांगितलंस की कॉम्प्युटर त्याला हाक मारतो. ते पाखरू आलं ना, त्याच्याबरोबर एक हेर आला. त्यानं रखवालदाराला मागं ढकललं आणि हाक मारायच्या जागी स्वतःचं नाव लिहून ठेवलं. तेव्हापासून कॉम्प्युटर हाक मारायचा ती हेरालाच. तो आधी आपलं काम करायचा, मग रखवालदाराला उठवायचा. म्हणून चाललं होतं."

"आणि भाऊजींनी हेर मारला."

"मारला. पण हाक कुणाला मारायची ते बदललं नाही. आता हा बिचारा मेलेल्याला हाका मारतोय. उत्तर येत नाही, म्हणून तुला दारातून परत पाठवतोय. बाकी तुझं सगळं आत जागच्या जागी आहे. एक रेघ हललेली नाही."

वहिनीनं श्वास सोडला. सकाळपासून तो तिनं कुठं ठेवला होता कोण जाणे.

"मग आता?"

"आता रखवालदाराची एक नक्कल काढायची आणि तिला हेराचं नाव द्यायचं." नणंदेनं एकेक अक्षर करत ते मांजरानं तुडवलेलं नाव न बघता टाइप केलं. "हाक हेराच्या नावानं गेली तरी उठेल तो आपलाच माणूस. एकदा आत गेलो की खरं नाव जागेवर लिहायचं आणि हे सोंग पुसायचं."

"नाव पाठ आहे तुम्हाला."

"हेच पाखरू आमच्याकडे आधी आलं होतं. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या घरी पण. आणि वरच्या मजल्यावर. ते लोक मला फोन करतात, हे जेवायला बसले की."

सीडी बाहेर आली. नाव, पासवर्ड, 'स्वागत'. वहिनीनं नकळत टेबलाची कड घट्ट धरली. मागचं चित्र आलं, आणि राहिलं. फोल्डर दिसलं. तिनं उघडलं: उतरता खांदा, वाकलेली पाठ, कोपराशी थांबलेली बाही. जत्राच भरली डोळ्यांपुढं, आणि त्या जत्रेत एकही हरवलं नव्हतं.

नणंदेनं तोवर आत कुठंतरी खोल जाऊन रखवालदाराचं नाव जागेवर लिहिलं, सोंग पुसलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सुरळीत आला. तिनं सीडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"आता ऐक, वहिनी. ह्यांना सांगायचं नाही. उठून बघतील, चालू दिसेल. थंड झाला म्हणून चालला, म्हणतील. म्हणू दे."

"का म्हणू दे?"

"काय बिघडतं? काम झालं ना तुझं?"

"आणि पुढच्या वेळेला?"

"पुढच्या वेळेला मी असेनच."

वहिनीला एकदम हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. "म्हणजे ते बिघडवत फिरणार आणि तुम्ही पर्स घेऊन मागं मागं. वन्सं, त्या रखवालदारासारख्या तुम्ही त्यांच्या नावानं उठताय रोज."

नणंदेचा चेहरा क्षणभर आवळला गेला. "संसार तुला शिकवायची गरज नाही. त्यांच्याकडे तेवढं एकच आहे, लोकांनी बोलावणं. ते काढून घेऊन मी काय करू?"

कीव यावी असं वाक्य होतं. पण सकाळपासून वहिनीकडची कीव बरीच खर्च झाली होती. तिनं प्रिंटर चालू केला. पहिला कागद सरकत बाहेर येऊ लागला.

प्रिंटरच्या आवाजानं दिवाण कुरकुरला. जावईबापू जांभई देत आत आले, त्यांच्या गालावर उशीच्या शिवणीची रेघ उमटलेली. मागं सासरे.

"बघा," पडद्याकडे बोट दाखवत जावईबापू म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं गरम झालाय म्हणून? विश्रांती लागते मशीनलाही."

"वा," सासरे म्हणाले.

नणंद खिडकीबाहेर बघत होती.

"पण आता गाफील राहायचं नाही," जावईबापूंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "आता चालू आहे तोवरच फॉरमॅट उरकून टाकू. हेर मुळाशी आहेत. पुन्हा डोकं वर काढतील. उठा वहिनी, पाचच मिनिटं."

वहिनी उठली नाही. तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंद पर्सच्या चेनशी खेळत होती, पुढं-मागं, पुढं-मागं. प्रिंटरमधून दुसरा कागद आला, अर्ध्या पाठीचा. उरलेली अर्धी पाठ अजून आत होती.

"अहो, चहा घेता का आधी?" नणंद म्हणाली. आवाज पडलेला होता. चहा किती वेळ पुरणार, हे तिलाही कळत होतं.

"चहा नंतर." जावईबापूंचा हात माउसकडे आला.

वहिनीनं माउस उचलला आणि सरळ आपल्या मांडीवर ठेवला. "भाऊजी, ह्याला हात लावायचा नाही. गरम-थंडचा काही संबंध नव्हता. तुम्ही बिघडवला होता. वन्संनी चालू केला."

प्रिंटरनं तिसरा कागद बाहेर ढकलला.

जावईबापू आधी हसले. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसावं तसं. "ही? हिला मिक्सरचं बटण सापडत नाही."

"सूनबाई, काहीतरी बोलू नकोस," सासरे म्हणाले. "माफी माग."

"तुमच्या लेकीला विचारा, मामंजी."

आता सगळे नणंदेकडे वळले. तिच्या मानेवर लाली चढली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या गालावरच्या उशीच्या रेघेकडे, आणि मग टेबलावरच्या त्या अर्ध्या पाठीकडे. चेन एकदा पुढं गेली आणि मागं आली नाही.

"खरंय ते," ती म्हणाली. "मी केला. घरचाही मीच करते. दर वेळेला."

"कधीपासून?"

"तुम्ही साफ करायला लागलात तेव्हापासून."

सासऱ्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जावयाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि मानानं नक्की कुणाच्या बाजूला उभं राहायचं ते न उमगून पेपर शोधायला बाहेर गेले. जावईबापूंना राग येईल असं वहिनीला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा फक्त रिकामा झाला, सामान हलवलेल्या खोलीसारखा. मग त्यात हळूहळू पुन्हा काहीतरी मांडलं गेलं.

"सीडीनं केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जुनी पद्धत आहे ती," ते म्हणाले. "हल्ली तसं कुणी करत नाही." आणि सासऱ्यांना ते समजावून सांगायला बाहेर गेले.

वहिनीनं माउस जागेवर ठेवला. सगळ्या साच्यांच्या नकला तिनं आधी काढून घेतल्या, आणि मगच उरलेले कागद छापायला सोडले. नणंद न सांगता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आली. तिनं डिंकाची बाटली ओढली, कडा जुळवल्या, बोटानं दाबल्या. वाकडी पाठ हळूहळू पुरी होत गेली.

"राग आला?" वहिनीनं विचारलं.

"आला," नणंद म्हणाली. "ही कड धर. सरकतेय."

बाहेरून हाक आली. "अगं, निघायचं ना आता?"

"तुम्ही व्हा पुढं. मला इथं वेळ लागेल."

"किती वेळ?"

नणंदेच्या दातात कागदाचा कपटा होता. बाहेरच्या खोलीत जावईबापू इकडून तिकडं फिरत असलेले ऐकू येत होते. ते आपले बूट शोधत होते. बूट दाराशीच होते, पण आजवर ते त्यांच्या पायापुढं कुणीतरी आणून ठेवत आलं होतं.